घरातला ससा (भाग ७) : ‘उद्या खाईल’ म्हणू नका

गेल्या आठवड्यात दातांविषयी लिहिलं. आज पोटाविषयी, कारण सशाला डॉक्टरकडे धावत न्यायची वेळ बऱ्याचदा पोटामुळेच येते.

सशाला उलटी होत नाही. आत गेलेलं पुढेच सरकायला हवं, आणि त्यासाठी वाळल्या गवताचा चोथा सतत लागतो. दातदुखी, भीती, उकाडा, कशानेही खाणं थांबलं की आतडी मंदावतात, पोटात वायू धरतो, दुखतं. दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. कुत्र्याने एक वेळचं जेवण टाकलं तर ‘उद्या खाईल’ म्हणून चालतं. सशाने दहा-बारा तास काही खाल्लं नाही आणि लेंड्याही टाकल्या नाहीत, तर सकाळची वाट बघायची नाही.

पंचाईत अशी, की ससा कण्हत नाही. शिकार होणाऱ्याची जात, दुखणं लपवणं अंगातच. कोपऱ्यात अंग आखडून, डोळे अर्धवट मिटून बसतो, दात करकर वाजवतो आणि आपल्याला वाटतं, झोपलाय. म्हणून रोज केर काढताना लेंड्या बघायच्या. चांगली लेंडी वाटाण्याएवढी, गोल, मोडली तर आत गवताचा भुगा. ती बारीक, वेडीवाकडी झाली किंवा दोन-तीन लेंड्या केसाने एकमेकींना जोडलेल्या दिसल्या, तर सावध व्हा. (काळ्या, मऊ, चिकट लेंड्यांच्या घोसांनी घाबरू नका, त्या तो एरवी स्वतःच खातो.) शंका आली की कोथिंबिरीची काडी पुढे धरा. तिच्याकडेही तोंड फिरवलं, तर फोन उचला.

पण कोणाला? खरी तयारी इथेच आहे. पुष्कळ दवाखाने कुत्र्या-मांजरांचे. सशाचा अनुभव सगळ्यांना नसतो. ससा ठणठणीत असतानाच चौकशी करा : ससे बघता का, रात्री कोण असतं? त्याच भेटीत ताप कसा बघायचा तेही शिकून घ्या. सशाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस. कान गार आणि तापमान ३८ च्या खाली, हे तापापेक्षाही वाईट.

घरात थर्मामीटर, बिनसुईची सिरिंज, टॉवेल, दाराची टोपली आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा असला की पुष्कळ झालं. दर आठवड्याचं वजन लिहून ठेवा. औषधाची मात्रा त्यावरच ठरते. भिजवलेल्या पेलेट्सची पातळ पेज सिरिंजने गालाच्या बाजूने भरवता येते, पण डॉक्टरांना विचारून. पोट फुगून टणक झालं असेल तर भरवणं जिवावर बेतू शकतं.

घरातल्या गोळ्या मात्र अजिबात नकोत. अमॉक्सिसिलिन तोंडाने दिलं तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससाही दगावू शकतो. कुत्र्यांच्या गोचिडांवरचं फिप्रोनिलही सशाला विषारीच.

आणि आपला एप्रिल-मे. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांतून जाते. पारा तिशीकडे गेला की त्याला त्रास सुरू होतो. नागपूर-जळगावकडे तर दुपारभर कूलर हवाच. ससा आडवा पडून धापा टाकत असेल तर कान साध्या पाण्याने ओले करा, बर्फात बुडवू नका, आणि निघा. तोंड उघडून श्वास घेणारा ससा दिसला तर लक्षणं पडताळत बसू नका, कारण ससा एरवी नाकानेच श्वास घेतो.

नेताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. मागचे पाय लोंबते राहिले तर त्याच्या झटक्याने त्याचाच कणा मोडू शकतो. जोडीचा ससा असेल तर त्यालाही टोपलीत सोबत घ्या.