ओपन सोर्सची सुरुवात लोणारपासून करा

ओपन सोर्सला हातभार लावायचा तर आधी कोडिंग यायला हवं, असं आपल्या बुलडाण्यातली बरीच मुलं धरून चालतात. तसं मुळीच नाही! २००४ साली सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा जगाचा खुला नकाशा उघडा आणि लोणारवर या. उल्केच्या आघातानं बसाल्टात झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आपलं विवर!

खातं काढून संपादनाचं बटण दाबलं की ‘आयडी’ एडिटर ब्राउझरमध्येच उघडतो. तोही जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला, ओपन सोर्स. उपग्रहचित्रावर पायवाट आखायची, देवळावर बिंदू ठेवायचा, मराठी नाव ‘नेम:एमआर’ या टॅगमध्ये भरायचं. काय बदललं ते एका ओळीत लिहून जतन करायचं. कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटमध्ये कमिट करतात, जवळपास तसंच.

हाच नकाशा युक्रेनच्या व्लोदिमिर अगाफोन्किन यांनी २०११ मध्ये आणलेल्या लीफलेट लायब्ररीतून कुणीही आपल्या वेबसाइटवर दाखवू शकतं. फार हलकी आहे ती, मला म्हणूनच आवडते. नकाशाचं श्रेय मात्र ओपनस्ट्रीटमॅपला द्यावंच लागतं.

एक पथ्य पाळा: गूगल मॅप्सवरून काहीही उतरवू नका, परवान्यात बसत नाही. मेहकर असो की सिंदखेडराजा, स्वतः पाहिलेली शाळा, विहीर, एसटी थांबा तेवढाच भरा.