एकादशीचे भजन अर्ध्यावर का थांबले?

आषाढी एकादशीच्या भजनाचे ध्वनिमुद्रण अपुरे का, अशी विचारणा अनेक सभासदांनी केली आहे. ज्यांना आता जिना उतरवत नाही, जे नर्सिंग होममध्ये आहेत, त्यांना आपण हे ध्वनिमुद्रण घरपोच पाठवतो. तेव्हा खुलासा करणे आमचे कर्तव्य आहे. पहिले जवळजवळ दोन तास व्यवस्थित आले. आपल्या ८६ वर्षांच्या आजींनी शेवटी गायलेली भैरवी मात्र आली नाही. दोष यंत्राचा नव्हे, आमच्या हिशेबाचा.

कॅसेटच्या काळी बरे होते. सी-९० म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटे, की उलटवा. मल्टिट्रॅक रेकॉर्डरच्या मेमरी कार्डावर मिनिटे लिहिलेली नसतात, फक्त जीबी. त्यांची मिनिटे किती होणार, हे आपण यंत्र कसे लावतो त्यावर ठरते.

हे यंत्र आवाजाचे सेकंदाला ४८,००० वेळा माप घेते. २४ बिटवर ठेवले तर प्रत्येक मापाला ३ बाइट जागा लागते. म्हणजे एका ट्रॅकला तासाला साधारण अर्धा जीबी. एवढे लक्षात ठेवले की पुरे. मुख्य गायक, साथीचे गायक, पेटी, पखवाज, टाळ असे पाच माइक म्हणजे पाच ट्रॅक, तासाला सुमारे अडीच जीबी.

आम्ही हौसेने ४८,००० ऐवजी ९६,००० लावले. जागा दुप्पट लागू लागली. माइक पाचच, पण आठही ट्रॅक चालू राहिले. रिकाम्या ट्रॅकवर शांतता मुद्रित होत राहते, आणि साध्या वेव्ह फाइलमध्ये शांततेलाही पखवाजाइतकीच जागा लागते! (मला हे आधी पटलेच नव्हते.) त्यात ३२ जीबीचे कार्ड मागच्या कार्यक्रमांनी निम्मे भरलेले. उरलेले १६ जीबी तासाला आठ जीबीहून अधिक वेगाने संपले. पाच ट्रॅक ४८,००० वर असते, तर तेवढ्याच जागेत सहा तास मावले असते.

आणखी एक गोष्ट. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर सहसा जी रचना असते, तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. काही यंत्रे २ जीबीलाच फाइल तोडून पुढची सुरू करतात. म्हणून संगणकावर एकाच भजनाच्या दोन फाइली दिसल्या, तर दुसरी जादा समजून कृपया पुसू नये.

कार्तिकीला कार्ड रिकामे असेल. पडद्यावर उरलेला वेळ दिसतो. हेडफोन लावून त्याकडे लक्ष ठेवणारे कुणी हवे आहे. काम बसून करायचे आहे. भैरवी पुन्हा म्हणायचे आजींनी कबूल केले आहे. त्यांना घरून आणून परत सोडण्यासाठी ज्यांची गाडी उपलब्ध असेल, त्यांनी कार्यालयात नाव द्यावे.