आमचा चालता वाडा



दिवाळी झाली की आपल्या शाळेपुढच्या रस्त्याने मेंढरे जातात. बरोबर घोडी असतात. घोड्यांवर बोचकी, बोचक्यांवर कोंबड्या आणि लहान पोरं. त्या पोरांतली एक मी होते. "ती पोरं राहतात कुठं?" असे वर्गात मला विचारले, तेव्हा नीट सांगता आले नाही. म्हणून लिहिते.

पुण्यात वाडा म्हटले की शनिवारवाडा. तो १७३२ साली बांधून झाला आणि अजून तिथेच उभा आहे. आम्हा धनगरांत चार-पाच बिऱ्हाडे, त्यांची मेंढरे, घोडी आणि कुत्री मिळून मुक्काम पडतो, त्याला वाडा म्हणतात. आमचा वाडा दोन-चार दिवसांनी जागा बदलतो.

आमचे गाव पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला आहे. तिकडे पाऊस कमी. दिवाळीनंतर माळावरचे गवत वाळते. त्याच सुमारास कोकणात भात कापून होतो आणि खाचरे मोकळी पडतात. म्हणून आम्ही मुळशीवरून ताम्हिणी घाटाने खाली उतरतो आणि पावसाच्या आधी माघारी येतो. पावसाळ्यात तिथे राहता येत नाही. सारखा चिखल असला की मेंढराचे खूर नासतात आणि ओल्या लोकरीने ते आजारी पडते.

कुणी म्हणेल, दुसऱ्याच्या शेतात राहायचे म्हणजे उपकारच. तसे नाही. शेतकरी स्वतः बोलावतो. रात्री मेंढरे शेतात बसवली की लेंड्या आणि मूत जमिनीत मुरते, फुकट खत होते. फुकट म्हणजे अगदी फुकट नव्हे, त्याबद्दल तो धान्य नाहीतर पैसे देतो. ठरवताना आबा आणि शेतकरी एवढे भांडतात की बघणाऱ्याला वाटावे आता मारामारी होणार. मग दोघे चहा पितात.

आता पोरांचे. सकाळी आबा आणि चुलते मेंढरे घेऊन रानातून जातात. बाया घोडी घेऊन सडकेने पुढे जातात. घोडीवर पीठ, भांडी, घोंगडी आणि वाघर, म्हणजे मेंढरांभोवती रात्री लावायचे जाळे. या सगळ्याच्या वर लेकरू. चालता येत नाही तोवर त्याला जुन्या लुगड्याने घोडीवर बांधतात. फार आवळले तर रडते, सैल सोडले तर पडते. आईला ते बरोबर जमते. माझा भाऊ असाच तीन वर्षे घोडीवर झोपला. त्याच्याशेजारी पिशवीत वाटेत जन्मलेले कोकरू असायचे. दोघे एकदमच ओरडायचे. आई म्हणायची, "कुणाला आधी पाजू आता?"

मुक्कामाला पोचले की तीन दगडांची चूल. मोठ्या पोरांनी पाणी आणायचे, काटक्या गोळा करायच्या. मी सात वर्षांची असताना भाकरी थापायला शिकले, गोल होत नव्हती. रात्री लहान मुले मधे, मोठी माणसे कडेला आणि कुत्री बाहेर. बिबट्याची भीती असते.

पण बिबट्यापेक्षा आम्हाला पुणे शहराची भीती जास्त. आज्जी सांगते, तिच्या लहानपणी कोथरूडला शेते होती आणि तिथेही मेंढरे बसवायचे. आता तिथे इमारती आहेत. हडपसरकडून चांदणी चौकापर्यंत सगळी वाट गाड्यांची. म्हणून पहाटे तीनला निघतो. एकजण पुढे बॅटरी घेऊन, एकजण मागे. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला पाडला आणि नवे रस्ते १२ ऑगस्ट २०२३ ला सुरू झाले. गाड्यांची सोय झाली, पण पाट्या वाचून मेंढरू वळत नाही. एका वर्षी एक ट्रक कळपात घुसला. अकरा मेंढरे गेली. घोडी उधळली, तिच्यावर भाऊ बांधलेला होता. लुगड्याची गाठ पक्की होती म्हणून तो वाचला. आई त्या दिवशी जेवली नाही.

लशींचेही आम्हाला आता कळते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी लस, मग नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची. ती आपल्याच गावात घ्यावी असे नाही. वाटेतल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात देतात. माता-बाल कार्ड बरोबर पाहिजे. आमचे कार्ड पिठाच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत असते.

शाळेचे मात्र अवघड. एका गावी आबा मला घेऊन शाळेत गेले, तर दाखला नाही म्हणून परत पाठवले. आम्ही दोघे निमूट परतलो. आपल्या शाळेत मोठ्या बाईंनी सांगितले की १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दाखल्यासाठी अडवता येत नाही, आणि त्याला वयाप्रमाणे वर्ग द्यायचा असतो. मला त्याच दिवशी बसवून घेतले. भागाकार येत नव्हता, तो मधल्या सुट्टीत शिकले. तेव्हापासून मी आत्याकडे राहते.

यंदा भाऊ सहा वर्षांचा झाला. आबा म्हणतात, "त्यालाबी ठेवू." आई काही बोलत नाही. आत्याची खोली एकच आहे. भावाला विचारले तर तो म्हणतो, कोकरू बरोबर असेल तर राहीन. मोठ्या बाईंना मी विचारले आहे. कोकराचे त्या अजून काही बोलल्या नाहीत, पण भावाचे नाव त्यांनी पहिलीच्या हजेरीत लिहिले आहे.

वाडा भाऊबीजेनंतर येईल. त्या दिवशी मला सकाळच्या दोन तासिका सुट्टी हवी आहे.

— इयत्ता सातवी