शौकाचा घोडा

बँकेच्या नोकरीत मी बैलजोडीला कर्ज दिलं, म्हशीला दिलं, शेळ्यांना दिलं. कानात विम्याचा बिल्ला ठोकला की जनावर तारण म्हणून उभं राही. घोड्यासाठी मात्र एकही अर्ज माझ्या टेबलावर कधी आला नाही. म्हणून कारंजा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्यानं, ‘काकाजी, सारंगखेड्याले चालता काय? घोडी घ्याची हाय,’ असं विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. बैलजोडी विकून आलेले पैसे त्याच्याकडे होते. लग्नाच्या वराती करून ते फेडून काढू, असा त्याचा हिशेब. त्याच्या आईला तो मान्य नव्हता.

सारंगखेडा हे नंदुरबार जिल्ह्यातलं, शहादा तालुक्यातलं तापीकाठचं गाव. दत्तजयंतीला तिथं एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. नृसिंह सरस्वतींच्या जन्मगावच्या माणसाला दत्तजयंती काय ते सांगायला नको. पण त्या दिवशी गुरुमंदिर सोडून घोडे बघायला जायचं, हे घरी पटवणं मला जड गेलं.

बाजारात आधी डोळे फसतात. कानांची टोकं एकमेकांना भिडलेले मारवाडी आणि काठेवाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे. गळ्यावर देवमणाचा भोवरा असला, चारी पाय नि कपाळ पांढरं असलं, की भाव उडी मारतो. उलट एखादा भोवरा जागा चुकला, तर धडधाकट जनावराकडेही कोणी फिरकत नाही. मला हे सगळं बुडीत कर्जासारखं वाटलं. ज्याची वसुली होत नाही, त्याचाच भाव जास्त! वय दातांवरून कळतं. पाचव्या वर्षी पुढचे दात पक्के झालेले असतात, पुढं त्यांवरचे खड्डे झिजत जातात. एका व्यापाऱ्यानं रेसकोर्सवरून निवृत्त झालेला उंच इंग्रजी थरोब्रेडही दाखवला. देखणा खराच, पण पातळ कातडीचा, सुईसारखा दचकरा. बँड आणि फटाक्यांत नवरदेवासह तो कुठं थांबला असता, देव जाणे. भीमथडीचं काटक दख्खनी तट्टू यापेक्षा हजारदा बरं.

देशात २०१२ च्या पशुगणनेत घोडे-तट्टं सव्वासहा लाख होती. २०१९ मध्ये ती जेमतेम ३ लाख ४० हजार उरली. टांगे गेले, ओझी वाहणारी तट्टं गेली. लहानपणी शकुंतला गाडीतून उतरल्यावर आम्हांला घरी नेणारा टांगा होता, तोही कधीच गेला. आता उरला तो वरातीचा आणि शौकाचा घोडा.

आणि शौक खातो फार. बैल कुटारावर निभावतो. घोडा रवंथ करत नाही, त्याचं पोट लहान, त्याला थोडं थोडं सारखं लागतं. खाणं चुकलं की पोटशूळ. आणि घोड्याला ओकारी होत नाही, त्यामुळं तो दुखण्यातच जातो. सहा-आठ आठवड्यांनी खूर तासायला नालबंद हवा, तो आमच्याकडे शोधावा लागतो. चातुर्मासात लग्नं नसतात, घोडीचं पोट मात्र चातुर्मास पाळत नाही. हे सगळं मी वहीत मांडून त्याला दाखवलं. तो म्हणाला, ‘काकाजी, सोयाबीनचा हिशेब मांडला तं तो बी असाच येते.’ यावर बँकेच्या कोणत्या परिपत्रकात उत्तर असतं?

दिवसभर फिरून त्यानं निवडली ती सहा वर्षांची, तांबूस, काहीही खास खूण नसलेली घोडी. शेजारी ढोल वाजत होता नि ती निवांत चारा खात होती, हे त्यानं पाहिलं होतं. भाव ठरला. मी एकच अट घातली: आधी ग्लँडर्सची रक्ततपासणी. हा रोग माणसालाही होतो. आणि रोगी ठरलेलं जनावर कायद्यानं मारावंच लागतं. अशी रक्तं हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासतात.

विक्रेता कुरकुरला, पण इसार घेऊन कबूल झाला. अहवाल येईपर्यंतचा चारा कोणी घालायचा, यावर मात्र दोघं दिवेलागणीपर्यंत भांडत होते.