युवती मेळाव्यातून ग्रामसभेकडे

युवतींच्या नेतृत्वविकासासाठी जिल्हा व तालुका पातळीवर मेळावे भरविले जातात. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे स्वागत, चार-पाच व्याख्याने, भोजनानंतर 'कार्यशाळा' आणि अखेरीस प्रमाणपत्रांचे वाटप, असा त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. व्याख्याने लांबतात आणि जो वेळ कमी पडतो तो कार्यशाळेच्या वाट्याचा असतो. व्याख्यानांना मोल नाही असे नव्हे. बारावीनंतर घरी बसलेल्या मुलीने आपल्याच तालुक्यातील पोलीस उपनिरीक्षक झालेली स्त्री प्रत्यक्ष पाहावी, तिच्या तोंडून तिची वाटचाल ऐकावी, यातून पुष्कळ साधते. तथापि, मांडव उतरल्यावर त्या मुलीच्या हाती काय उरते, या प्रश्नाचे उत्तर आयोजकांनी आधीच शोधून ठेवावयास हवे. या बाबतीत महाराष्ट्रातील दोन परिषदांचा इतिहास मार्गदर्शक आहे.

२० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. २० ते २५ हजार स्त्रिया उपस्थित असल्याची नोंद आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे त्या दिवशीचे भाषण प्रसिद्ध आहे. स्वच्छता, मुलांचे शिक्षण, लग्नाची घाई न करणे आणि पतीशी बरोबरीच्या नात्याने वागणे, असा उपदेश त्यांनी केला. परंतु त्या परिषदेत स्त्रियांनी संमत केलेले ठराव तितक्या आस्थेने वाचले जात नाहीत. पत्नीला घटस्फोटाचा हक्क असावा, बहुपत्नीत्वास कायद्याने बंदी व्हावी, गिरण्यांतील कामगार स्त्रियांना रजा, नुकसानभरपाई व निवृत्तिवेतन मिळावे, कायदेमंडळांत व स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी जागा राखून ठेवाव्यात, अशा त्या मागण्या होत्या. मुंबई प्रांताने द्विभार्याप्रतिबंधक कायदा १९४६ मध्ये व हिंदू घटस्फोट कायदा १९४७ मध्ये केला. नागपूर त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाडात असल्याने ठराव करणाऱ्या अनेकींना त्यासाठी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याची वाट पाहावी लागली. स्थानिक संस्थांतील राखीव जागांचा ठराव ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांमुळे १९९३ मध्ये देशभर अंमलात आला. लोकसभा व विधानसभांमधील आरक्षणाची १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली आणि तिची अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडण्यात आली. ठराव मांडणाऱ्या स्त्रियांची नावे मात्र बराच काळ विस्मृतीत होती. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ च्या ग्रंथाने ती पुन्हा प्रकाशात आणली.

दुसरे उदाहरण नाशिक जिल्ह्यातील चांदवडचे. शेतकरी संघटनेने ९ व १० नोव्हेंबर १९८६ रोजी तेथे महिला अधिवेशन घेतले. नेते शरद जोशी हे होते. शेतकरी स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका स्त्रियांनी लढवाव्यात असे ठरले. त्या निवडणुका लांबत गेल्या, तेव्हा कार्यकर्त्यांनी मोर्चा ग्रामपंचायतींकडे वळविला. १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातील विटनेर व यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेडा अशा गावांत केवळ महिलांच्या पॅनेलने ग्रामपंचायत जिंकली. पुढे 'लक्ष्मीमुक्ती' कार्यक्रमातून पत्नीच्या नावे जमिनीचा काही भाग करण्याची मोहीम सुरू झाली. राज्य शासनाने १९९० मध्ये स्थानिक संस्थांत महिलांना ३० टक्के जागा दिल्या. त्या घटनादुरुस्तीनंतर एक-तृतीयांश व २०११ पासून निम्म्या झाल्या.

दोन्ही ठिकाणी गर्दी मोठी होती आणि वक्ते नामांकित होते. पण पुढे टिकले ते कागदावर उतरलेले : ठराव, उमेदवारीचा अर्ज, सातबाऱ्यावरील नाव. आजच्या युवती मेळाव्यांतील कार्यशाळांची आखणी याच दृष्टीने व्हावी.

गावातील मुलीचे सार्वजनिक जीवन कायद्याच्या दृष्टीने वयाच्या १८ व्या वर्षी सुरू होते. गावच्या मतदारयादीत नाव आले की ती ग्रामसभेची सभासद होते. ग्रामपंचायतीची निवडणूक लढविण्यासाठी मात्र २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. मधली तीन वर्षे ही उमेदवारीची, म्हणजे शिकून घेण्याची वर्षे ठरू शकतात. दुर्दैवाने बहुतेक मुलींचे लग्न होते तेही याच सुमारास. माहेरच्या यादीत नाव तसेच राहते, सासरच्या यादीत ते येत नाही आणि शिबिरात शिकलेली मुलगी नव्या गावच्या ग्रामसभेत मतदारच नसते. तिने माहेरी मिळविलेली ओळखही मागेच राहते.

या दिरंगाईचा फटका तिच्यापुरता राहत नाही. गावातील मद्यविक्री बंद करण्यासाठी 'आडव्या बाटली'चे मतदान होते. त्यात एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते बंदीच्या बाजूने पडावी लागतात. हिशेब यादीतील सर्व नावांवर होतो, केवळ मतदानाला आलेल्या स्त्रियांवर होत नाही. सासरी गेलेल्या मुलींची नावे माहेरच्या यादीत राहिली, तर त्या प्रत्येकीचे न पडलेले मत गावातील स्त्रियांच्या विरोधातच मोजले जाते. म्हणून मतदारयादीचे वाचन हा कार्यशाळेचा पहिला पाठ असावा. प्रत्येक गावातील मुलींनी आपल्या गावची यादी समोर ठेवून लग्न होऊन गेलेल्या व आलेल्या स्त्रियांची नावे तपासावीत. स्थलांतरासाठी निवडणूक आयोगाचा अर्ज क्रमांक ८ भरावा लागतो. २०२२ पासून नवमतदार नोंदणीसाठी वर्षात चार अर्हता दिनांक ठरले आहेत, त्यामुळे १८ वर्षे पूर्ण झालेल्या मुलीस पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावे लागत नाही.

दुसरा पाठ अभिरूप ग्रामसभेचा. एका मुलीने सरपंच, एकीने सचिव व्हावे, इतरांनी ग्रामस्थ. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते, हे प्रत्यक्ष मोजून दाखवावे. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. अनेक गावांत ती केवळ नोंदवहीत पार पडते आणि सह्या घरोघरी फिरून घेतल्या जातात. अभिरूप सभेत भाषणकौशल्याला दुय्यम स्थान द्यावे. प्रश्न कसा विचारावा, सूचना कोणत्या शब्दांत मांडावी आणि ती इतिवृत्तात लिहिली गेली की नाही हे सभा संपण्यापूर्वी कसे पाहावे, यावर भर असावा. इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखविण्याची मागणी करण्यास धीर लागतो. तो मांडवात एकदा केलेल्या सरावाने थोडाफार येतो. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. त्या रकमेचा हिशेब मागणारा एक प्रश्न प्रत्येकीने लिहून न्यावा.

तिसरा पाठ घराच्या कागदांचा. 'घर दोघांचे' या २००३ च्या धोरणानुसार घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करता येते. ही नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत होते. तलाठ्याकडील ८-अ हा शेतजमिनीच्या खात्याचा उतारा वेगळा. मतदारयादीच्या अर्जाचा क्रमांकही आठच, त्यामुळे गोंधळ वाढतो. तिन्ही कागदांचे कोरे नमुने भिंतीवर शेजारी शेजारी लावले की निम्मे काम होते. शिबिरार्थींनी येताना घरचा नमुना ८ आणावा आणि त्यात आईचे नाव आहे का ते पाहावे. अनेक घरांत हा कागद मुलींनी पूर्वी कधी हाताळलेलाच नसतो.

बालविवाहाचा विषय व्याख्यानात हमखास येतो, पण तक्रार कोणाकडे करावयाची हे सांगणे राहून जाते. मुलीच्या लग्नाचे किमान वय १९७८ च्या दुरुस्तीने १८ झाले. २००६ च्या कायद्याखाली राज्यात गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवक काम पाहतात. त्या पदास २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी असे नाव आहे. १०९८ हा बालकांसाठीचा दूरध्वनी क्रमांकही मुलींना पाठ असावा. सोळा वर्षांच्या मैत्रिणीचे लग्न ठरले असता काय करावे, यावर गटचर्चा घेतल्यास मुली मोकळ्या होतात. मात्र तेथे कोणाचेही खरे नाव घेतले जाणार नाही, ही दक्षता शिक्षिकेने घ्यावी.

वक्त्यांच्या निवडीबद्दलही थोडे लिहिणे आवश्यक आहे. सरपंचपदाची पाच वर्षे पूर्ण केलेली, पतीने कारभार हाती घेण्याचा प्रयत्न केला असता तो परतवून लावलेली एखादी शेजारच्या गावची स्त्री ही उत्तम वक्ती होय. तिला भाषण न देता प्रश्नोत्तरे करू द्यावीत. पहिल्या सभेत ती काय बोलली, धनादेशावर सही करण्यापूर्वी कोणता कागद मागितला, कोण हसले, हे मुली विचारतील. विस्तार अधिकारी किंवा बँकेचे शाखाधिकारी यांना व्यासपीठावर बसविण्याऐवजी कार्यशाळेतील टेबलापाशी बसविणे अधिक उपयुक्त ठरते.

मेळाव्याची तारीख सुगीत किंवा परीक्षेच्या दिवसांत नसावी. लेकुरवाळ्या शिबिरार्थींसाठी पाळणाघराची सोय अंगणवाडी सेविकांच्या मदतीने करता येते. शेवटची एस.टी. किती वाजता सुटते हे पाहून समारोपाची वेळ ठरवावी आणि कार्यक्रम लांबू लागल्यास एखादे भाषण कमी करावे. नंतर येणाऱ्या पहिल्या ग्रामसभेचा दिनांक प्रत्येकीच्या प्रमाणपत्राच्या पाठीमागे लिहून द्यावा. सभेनंतर गावातील शिक्षिकेने इतिवृत्ताची प्रत मिळवून पंचायत समितीतील संबंधित विस्तार अधिकाऱ्यांकडे पाठवावी, म्हणजे किती मुलींचे प्रश्न त्यात उतरले हे पुढच्या मेळाव्याची आखणी करताना समोर राहील.