ढगातले प्रतिद्रव्य

गडगडणाऱ्या ढगातून वीज, पाऊस आणि गारा येतात, हे आपण सारे जाणतो. पण त्याच ढगात प्रतिद्रव्यही तयार होते, हे तुम्हांला ठाऊक आहे काय?

१४ डिसेंबर २००९ रोजी ‘फर्मी’ हा अमेरिकी उपग्रह ईजिप्तवरून जात होता. त्या वेळी सुमारे ४,५०० किलोमीटर दूर, झांबियात, विजांचे वादळ चालू होते. ते क्षितिजापलीकडे असल्याने तेथून सरळ निघालेला किरण उपग्रहापर्यंत पोचणे शक्य नव्हते. तरीही उपग्रहाने ५११ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण नोंदले. ही तर पॉझिट्रॉनची खूणच!

पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनाएवढ्याच वस्तुमानाचा, पण धनभारित कण. डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणातून त्याची चाहूल लागली आणि १९३२ मध्ये अँडरसन यांना तो सापडला. पॉझिट्रॉन व इलेक्ट्रॉन यांची गाठ पडली की दोघेही नाहीसे होतात आणि त्यांच्या वस्तुमानाची ऊर्जा होऊन बहुधा प्रत्येकी ५११ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे दोन गॅमा किरण निघतात. झांबियातील पॉझिट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांभोवती मळसूत्राप्रमाणे फिरत वर आले आणि उपग्रहातील इलेक्ट्रॉनांशी भिडून नष्ट झाले.

पण ढगात ते आले कोठून? वादळी ढगातील प्रबळ विद्युतक्षेत्रामुळे काही इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावू लागतात. हवेतील अणूंवर आदळून ते आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करतात. पाहता पाहता त्यांचा लोंढा बनतो. या टकरींतून गॅमा किरण निघतात. असा शक्तिमान किरण एखाद्या अणुकेंद्राजवळून गेला, की त्याच्या ऊर्जेतून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते.

मग हे प्रतिद्रव्य पकडून वीजघर चालवता येईल का? १ ग्रॅम प्रतिद्रव्य १ ग्रॅम द्रव्याशी मिळून नष्ट झाले, तर सुमारे ५ कोटी युनिट ऊर्जा मिळेल. आइन्स्टाइन यांच्या सूत्राने हा आकडा तुम्हीच पडताळून पाहा. आता ढगाचा हिशेब करू. समजा, एका लखलखाटात १ वर १४ शून्ये इतके पॉझिट्रॉन निर्माण झाले. एका जोडीच्या नाशातून १.०२२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात. गुणाकार केला तर उत्तर येते सुमारे १६ ज्यूल. म्हणजे १ किलोग्रॅमची पिशवी दीड मीटर उचलण्याइतकी ऊर्जा! याच्या हजारपट पॉझिट्रॉन धरले, तरी कपभर चहाचे पाणी उकळणार नाही.

शिवाय ते साठवायचे कशात? कोणत्याही भांड्याला स्पर्श होताच ते नष्ट होणार. म्हणून त्यांना निर्वात पोकळीत विद्युत व चुंबकीय क्षेत्रांनी अधांतरी धरावे लागते. त्यातच ते सारे धनभारित, म्हणून एकमेकांना दूर लोटतात. सर्वांत मोठी अडचण वेगळीच आहे. पॉझिट्रॉन घडवायला लागलेली ऊर्जा ढगाने आधीच खर्चलेली असते. निसर्गात कोळशाची खाण आहे, तशी प्रतिद्रव्याची खाण कोठेही नाही. जेवढे घालावे, त्याहून कमीच हाती येते.

म्हणून हे ज्ञान निरुपयोगी समजू नका. ६ फेब्रुवारी २०१७ रोजी जपानमधील काशिवाझाकी येथे वीज चमकल्यावर सुमारे मिनिटभर तेच ५११ चे किरण आढळले. गॅमा किरणांनी हवेतील नायट्रोजनमधून न्यूट्रॉन उडवून लावले होते आणि उरलेला नायट्रोजन-१३ पॉझिट्रॉन सोडत होता. हाच नायट्रोजन-१३ डॉक्टर हृदयाचा रक्तपुरवठा तपासण्यासाठी वापरतात. रुग्णाच्या शरीरातून विरुद्ध दिशांना निघालेले दोन गॅमा किरण टिपून यंत्र आतले चित्र तयार करते. प्रतिद्रव्य घरातला दिवा लावणार नाही. पण शरीराच्या आत काय चालले आहे, ते मात्र दाखवते.