जुने नकाशे काय सांगतात?

जालना जिल्ह्यात केळणा व जुई या नद्यांच्या परिसरात असई हे लहानसे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी इंग्रजांची मोठी लढाई झाली. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली नदीकाठी आला, तेव्हा जवळपास उतार नाही, असे वाटाड्यांनी त्यास सांगितले. परंतु दोन्ही तीरांवर समोरासमोर वसलेली दोन गावे त्याच्या दृष्टीस पडली. अशा गावांत येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे, असा तर्क त्याने केला व तो खरा ठरला. भूमीचे ज्ञान किती मोलाचे असते, हे यावरून कळून येते.

हे ज्ञान कागदावर उतरविण्यास इंग्रजांनी फार पूर्वीच आरंभ केला होता. जहांगीर बादशहाच्या दरबारी सर टॉमस रो हा इंग्रज वकील होता. त्याच्याकडून मिळालेल्या माहितीवरून विल्यम बॅफिन या दर्यावर्दी पुरुषाने मोगल साम्राज्याचा नकाशा तयार केला. तो १६१९ मध्ये छापला गेला. पुढे, बंगालचा सर्व्हेअर जनरल म्हणून काम केलेल्या जेम्स रेनेलने १७८२ मध्ये हिंदुस्थानचा नकाशा प्रसिद्ध केला.

हे नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरीत. कारागीर अणकुचीदार हत्याराने नद्या, डोंगर व अक्षरे उलटी कोरी. रेघांत शाई भरून वरचा भाग पुसून घेत. मग त्यावर ओलसर कागद ठेवून यंत्रात दाबीत. त्यामुळे कागदावर नकाशा सुलटा उमटे आणि पत्र्याच्या कडांचा ठसाही राही. संग्राहक हा ठसा आवर्जून पाहतात. वारंवार छापल्याने पत्रा झिजे व रेघा फिकट होत. म्हणून आरंभीच्या ठळक प्रतींना विशेष मोल येते. रंग बहुधा हाताने भरीत.

मात्र जुना नकाशा केवळ भूमीच दाखवितो असे नाही. तो काढणाऱ्याचे मनही दाखवितो. रेनेलच्या नकाशावर एक चित्र आहे. त्यात पंडित आपले पवित्र ग्रंथ ब्रिटानियाच्या, म्हणजे इंग्लंडचे प्रतीक असलेल्या देवीच्या, स्वाधीन करीत आहेत. वास्तविक त्याच वर्षी सालबाईचा तह करून इंग्रजांना मराठ्यांशी चाललेले युद्ध थांबवावे लागले होते. देश हाती येण्यापूर्वीच तो चित्रात आला होता!

मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात असे जुने नकाशे जतन केलेले आहेत. जुना नकाशा पाहताना तो कोणी काढला, कोणासाठी काढला आणि त्यात काय गाळले, हे अवश्य विचारावे. मग तो कागद आपणांशी बोलू लागतो.